कोंबडी मारून संघ बांधला जातो का? एका सहायक प्रशिक्षकाला उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात. पुण्यातल्या एका रग्बी संघाचे सहायक प्रशिक्षक विचारतात: हेड कोचना हंगामाआधी मुळशीकडे दोन दिवसांचा बॉन्डिंग कॅम्प घ्यायचाय. पहिल्या रात्री मोबाइल काढून घ्यायचे, जेवण द्यायचं नाही, आणि दोघांत मिळून एक जिवंत कोंबडी हातात द्यायची. मारा, सोला, शिजवा. साउथ आफ्रिकेच्या राष्ट्रीय रग्बी संघानं, स्प्रिंगबॉक्सनीही हे केलंय, असं कोचचं म्हणणं. संघात दोन पोरं माळकरी आहेत, आणि तिसऱ्यानं, जो एरवी सगळं खातो, या सहायक प्रशिक्षकांना बाजूला घेऊन 'सर, मला नाही जमणार' असं सांगितलं. हे कोचच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, 'रविवारी चिकन हाणता ना? मग आता कसली दया आली?' याला उत्तर काय द्यायचं?

मी पशुवैद्य आहे. उमेदीची बरीच वर्षं पोल्ट्री फार्मवर गेली, आणि त्याआधी आणि त्यासोबत क्लब रग्बी. आधी हुकर म्हणून, गुडघ्यानं साथ सोडल्यावर संघाचा मॅनेजर म्हणून. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो. मी मांसाहारी आहे, हेही आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाद लगेच शाकाहार विरुद्ध मांसाहार अशा ओळखीच्या गल्लीत शिरतो आणि तिथून बाहेर येत नाही.

तुमच्या कोचचा प्रश्न उडवून लावू नका. तो रास्त आहे. ताटातल्या कोंबडीची मान कुणीतरी कापलेलीच असते. ती आपल्या नजरेआड कापली म्हणून आपण जास्त पुण्यवान ठरत नाही. पण त्यांनी ज्या उदाहरणाचा आधार घेतलाय, तेच उदाहरण त्यांच्या विरोधात जातं. ते नीट बघू.

सप्टेंबर 2003. वर्ल्ड कप महिन्यावर आलेला. स्प्रिंगबॉक्सची अवस्था वाईट होती: आदल्या नोव्हेंबरात ट्विकनहॅमवर इंग्लंडनं 53-3 असं धुतलं होतं, जुलैत प्रिटोरियात, म्हणजे घरच्या मैदानावर, न्यूझीलंडनं 52-16. प्रशिक्षक रुडॉल्फ स्ट्रॉयली यांनी संघाला थाबाझिंबीजवळच्या पोलिसांच्या एका तळावर नेलं. त्या कॅम्पचं नाव 'काम्प स्टालड्राट'. पुढे जे बाहेर आलं ते असं: खेळाडूंना नागडं करून खडीवरून सरपटायला लावलं, खड्ड्यात कोंबून वरून बर्फाचं पाणी ओतलं आणि राष्ट्रगीत म्हणायला लावलं, गारठलेल्या तळ्यात उतरवून पाण्याखाली बॉलमध्ये हवा भरायला लावली. तळ्यातून बाहेर येऊ पाहणाऱ्यांना, त्यात कर्णधार कॉर्ने क्रिखेही होता, बंदुकीचा धाक दाखवून परत आत ढकलल्याचं त्या वेळच्या वृत्तांत आलं. आणि रात्री रानात कोंबड्या मारायला आणि शिजवायला लावल्या.

आता पुढचं वाक्य तुमच्या कोचना जरूर वाचून दाखवा. त्याच वृत्तांनुसार त्या शिजवलेल्या कोंबड्या खेळाडूंना खाऊ दिल्या नाहीत.

म्हणजे 'आपण खातोच की' हा जो सगळ्यात भक्कम युक्तिवाद, तो मूळ प्रसंगात लागूच नव्हता. तिथे कोंबडी अन्न म्हणून आलीच नव्हती. भुकेल्या माणसाच्या हातून जीव घ्यायचा, त्याच्याच हातानं शिजवायचा आणि मग ताट काढून घ्यायचं, यात पोषण नाही, जगण्याचं कौशल्य नाही. यात फक्त 'मी सांगेन ते तू करशील' एवढंच सिद्ध होतं. सगळा देश नागड्या खेळाडूंच्या फोटोंवर चिडला आणि ते बरोबरच होतं. पण त्या कॅम्पमध्ये कोंबडी आणि खेळाडू यांचं स्थान एकच होतं, हे फार कमी लोकांनी म्हटलं. दोघांनाही नाही म्हणायची सोय नव्हती.

निकाल? मेलबर्नला क्वार्टर फायनलमध्ये न्यूझीलंडकडून 29-9 नं हार. नोव्हेंबरात फोटो वर्तमानपत्रांत आले आणि वर्ष संपायच्या आत स्ट्रॉयली पायउतार झाले. आता कुणी म्हणेल, संघच कच्चा होता. पण जॉन स्मिट, व्हिक्टर मॅटफिल्ड, बाकीस बोथा ही त्याच 2003 च्या संघातली मंडळी 2007 ला पॅरिसमध्ये विश्वविजेती झाली. दम त्यांच्यात होताच. उलट, संघात जी खरी फट होती तिच्याकडे कॅम्पनं ढुंकूनही पाहिलं नाही: कॅम्पच्या थोडंच आधी एका गोऱ्या खेळाडूनं मिश्रवर्णीय सहकाऱ्यासोबत खोलीत राहायला नकार दिल्याच्या आरोपावरून देशभर गदारोळ चालू होता. ज्या संघात हा प्रश्न लोंबकळत पडलाय, तिथे कोंबडीच्या मानेवर सुरी चालवून कुठली एकी येणार होती? तुमच्या संघातही बघा. फॉरवर्ड्स आणि बॅक्सचं जमत नाही की गावाकडची पोरं आणि शहरातली पोरं वेगवेगळ्या टेबलांवर जेवतात? कॅम्प त्याच्यासाठी हवा.

आता कोंबडीकडे येऊ, कारण तुम्ही मला कदाचित यासाठीच विचारलंय.

नवख्या माणसाच्या हातात जिवंत कोंबडी दिली की तो ती पाय धरून उलटी लटकवतो. बाजारात तसंच पाहिलेलं असतं. क्षणभर ती फडफडते आणि मग गप्प होते. 'बघ, शांत झाली,' असं म्हणतात. ती शांत झालेली नसते. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. उलटं धरलं की आतड्यांचं आणि यकृताचं वजन हवेच्या पिशव्यांवर येतं आणि श्वास घेणं जड जातं. शिवाय शिकारी प्राण्यानं धरल्यावर गोठून पडायची तिची जुनी सवय असते, तीही त्यात आली. ब्रॉयलर असेल तर अंगाच्या मानानं पाय आधीच दुबळे. धसमुसळेपणानं धरल्यावर मांडीचा सांधा निखळलेली कोंबडी मी फार्मवर कितीदा पाहिलीय.

मग मारण्याचा भाग. हे कौशल्याचं काम आहे, धैर्याचं नाही. मान मोडून मारायची तर डोक्यामागे अंगठा नेमका कुठे येतो, ओढ किती आणि कोणत्या दिशेनं, हे जाणकाराकडून हात धरून शिकावं लागतं. युरोपियन युनियनच्या 2009 च्या नियमात हातानं मान मोडायची परवानगी फक्त 3 किलोपर्यंतच्या पक्ष्यासाठी आहे, आणि एका माणसानं दिवसाला 70 हून जास्त पक्षी तसे मारायचे नाहीत, कारण थकलेला हात चुकतो. तिथे बोलणं चाललंय रोज हेच काम करणाऱ्या माणसांच्या हाताबद्दल. तुमच्या कॅम्पमध्ये अंधारात, उपाशी, थरथरत्या हातांनी, आजूबाजूला आरडाओरडा चालू असताना एक विशीतला विंगर बोथट सुरी घेऊन बसणार. अर्धवट कापलेल्या मानेची कोंबडी निसटून झुडपात गेली तर काय करायचं, हे कॅम्पच्या वेळापत्रकात कुणी लिहिलंय का?

आणि मेली हे ओळखायचं कसं? पंख फडफडणं थांबलं म्हणजे मेली, असं लोक धरून चालतात. उलट आहे. नीट मेलेली कोंबडीही जोरात फडफडते, ती मज्जारज्जूची क्रिया असते. आणि जिवंत, शुद्धीत असलेली कोंबडी गप्प पडू शकते. आम्ही बुबुळाला हलकेच बोट लावून पापणी मिटते का बघतो आणि शेपटीखालची लयीतली हालचाल, म्हणजे श्वास, थांबली का बघतो. हे ठाऊक नसलेली पोरं शुद्धीवरची कोंबडी सोलायला घेतील, ही शक्यता मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही.

इथेच कायद्याचं एवढंच सांगतो. आपला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा खाण्यासाठी जनावर मारण्याला सूट देतो, पण अनावश्यक यातना दिल्या नाहीत तरच. म्हणजे खाण्यासाठी मारणं आणि मजेसाठी किंवा परीक्षेसाठी मारणं यांत कायदाही फरक करतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे, त्यामुळे त्याची भीती कुणाला घालू नका, कोच हसतील. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर कत्तलखान्याबाहेर जनावर कापायला 2001 च्या नियमांनी मनाई आहे, तेवढं जागेबाबत तपासा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. सगळीकडे एकच माप लावता येत नाही.

तुमच्या संघात कोल्हापूरकडची, साताऱ्याकडची पोरं असतील तर त्यांतल्या काहींनी लहानपणापासून घरी कोंबडी कापलेली असेल, जत्रेत बोकड पडताना पाहिला असेल. त्यांच्यासाठी यात विशेष काही नाही, ती दोन मिनिटांत काम उरकतील, तेही स्वच्छ. सामोआ, टोंगा, फिजीच्या खेळाडूंच्या घरी मोठ्या जेवणासाठी डुक्कर मारणं, जमिनीतल्या भट्टीत भाजणं हा मानाचा भाग असतो. जाणती माणसं मारतात, सगळे मिळून खातात. न्यूझीलंडमध्ये संघातले काहीजण मिळून शिकारीला जातात, त्यावरही मी सरसकट बोट ठेवणार नाही. सैन्यातही जंगलात तग धरण्याच्या प्रशिक्षणात जिवंत कोंबडी असते. त्यामागे निदान 'उद्या खरंच वेळ येईल' हे कारण असतं. तरीही थायलंडमधल्या 'कोब्रा गोल्ड' या बहुराष्ट्रीय सरावात अमेरिकी मरीन सैनिकांनी कोंबड्या मारण्यावर आणि नागाचं रक्त पिण्यावर प्राणिमित्र संघटनांनी जोरदार आक्षेप घेतलाच. ज्यांना युद्धावर जायचंय त्यांनाही याचं समर्थन करताना कष्ट पडतात. तुम्हाला जायचंय बालेवाडीच्या मैदानावर.

तर मी तीन गोष्टी बघतो. मारणाऱ्याला काम येतं का. जे मारलं ते खाल्लं जाणार आहे का. आणि ज्याला नको आहे तो सगळ्यांसमोर सहज 'नको' म्हणू शकतो का, तेही त्याची जागा, त्याचे मैदानावरचे मिनिट्स, त्याची टिंगल यातलं काहीही पणाला न लागता. तुमच्या कॅम्पमध्ये दुसरी गोष्ट कदाचित असेल. पहिली बहुतेकांकडे नाही. तिसरी अजिबात नाही, कारण तो पोरगा तुमच्याकडे आला, कोचकडे नाही.

दुसऱ्या प्रकारचं एक प्रकरण सांगतो, कारण कॅम्पचा बेत नसतानाही प्राणी मध्ये येतात. पर्थजवळ रॉटनेस्ट नावाचं बेट आहे. तिथे क्वोक्का राहतात, कांगारूच्या कुळातला मांजराएवढा प्राणी, माणसाला न घाबरणारा. वेस्टर्न फोर्स हा सुपर रग्बीतला संघ एकदा तिथे बॉन्डिंगसाठी गेला, दारू झाली आणि क्वोक्कांशी झोंबाझोंबी केल्याबद्दल दोन खेळाडूंना दंड झाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, उचललं, फोटो काढला, सोडलं, काय बिघडलं? क्वोक्काची मादी पाठलाग झाला की पोटाच्या पिशवीतलं पिल्लू टाकून पळते. आणि या कुळातल्या प्राण्यांना पकडण्याच्या ताणानंच स्नायूंचा असा नाश होतो की प्राणी सोडल्यावर पळून जातो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी मरतो. तोपर्यंत संघ बोटीत बसून परत गेलेला असतो. रात्रीच्या प्यायलेल्या कॅम्पला मी म्हणूनच ठरवून केलेल्या कॅम्पहून जास्त भितो. मुळशीला तुम्हाला क्वोक्का भेटणार नाही. भेकर, साप, शेतकऱ्याचं वासरू किंवा फार्महाउसचा कुत्रा भेटेल.

आता अवघड भाग. तुमच्या कोचचं एक म्हणणं खरं आहे आणि ते नाकारलं तर वाद हराल: असल्या प्रकारांनी माणसं जवळ येतात. येतात. लाज, भीती आणि थोडासा अपराध एकत्र भोगलेल्यांमध्ये घट्टपणा येतो. कॉलेजच्या होस्टेलवर रॅगिंग झालेल्या बॅचेस वीस वर्षांनीही एकमेकांना धरून असतात. प्रश्न असा की ती माणसं कशाभोवती जवळ येतात. ती येतात गप्प राहण्याभोवती. 'कॅम्पमध्ये झालं ते कॅम्पमध्येच राहिलं पाहिजे.'

आणि रग्बीत गप्प राहणं जिवावर बेतू शकतं. ही गोष्ट मला प्राण्यांच्या मुद्द्याइतकीच महत्त्वाची वाटते. टॅकलनंतर शेजारचा सेंटर उठला खरा, पण डोळे फिरलेत, लाइन चुकीची धरतोय. हे रेफ्रीआधी, फिजिओआधी कुणाला दिसतं? त्याच्या शेजाऱ्याला. वर्ल्ड रग्बी ही खेळाची जागतिक संघटना सांगते, डोक्याच्या दुखापतीची शंका आली की खेळाडू ओळखा आणि बाहेर काढा. पण ओळखणाऱ्यानं तोंड उघडलं तरच. ऑस्ट्रेलियात स्क्रमसाठी, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून ढकलतात त्यासाठी, 'मेडे' हाक शिकवतात: पुढच्या रांगेतल्या कुणाचीही मान अडकली, दाब चुकीचा आला, की त्यानं 'मेडे' ओरडायचं, आणि त्या क्षणी सोळाच्या सोळा जणांनी ढकलणं थांबवायचं. मी हुकर होतो, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला. दोन्ही हात दोन बाजूंच्या प्रॉप्सच्या खांद्यांवर, मान मध्ये, मागून आठशे किलोचा रेटा. तिथे मला शूर सोबती नको होते. मी 'थांबा' म्हटल्यावर थांबणारे हवे होते.

ज्या पोरानं शनिवारी रात्री 'मला नाही जमणार' म्हटलं आणि ज्याला सगळ्यांसमोर कोंबडी हातात कोंबून गप्प केलं, तो पुढच्या महिन्यात डोकं गरगरत असताना हात वर करेल? माझा अनुभव सांगतो, नाही करणार. तो आता शिकलेला असतो.

मग कॅम्प मऊ करायचा का? मुळीच नाही. पोरांना थकवा, पहाटे उठवा, पावसात डोंगर चढवा, ओंडके वाहून न्यायला लावा. इंग्लंडचा संघ क्लाइव्ह वुडवर्ड यांच्या काळात, 1999 मध्ये, लिम्पस्टनला रॉयल मरीन्स या ब्रिटिश कमांडो दलाकडे जाऊन चांगला घाम गाळून आला होता, आणि तोच प्रशिक्षक 2003 चा कप घेऊन गेला. कठोरपणा आणि अपमान यांतला फरक पोरांना बरोबर कळतो. लाइनआऊटची उचल, म्हणजे बॉल झेलायला सोबत्याला वर उचलणं, अंधारात, फक्त आवाजावर करा, खाली मॅट टाकून. स्वयंपाकाचीच हौस असेल तर कापलेल्या अख्ख्या कोंबड्या आणा आणि पोरांना त्या तोडायला, साफ करायला, चुलीवर शिजवायला लावा. हे अर्ध्यांना येत नसतं आणि मजा येते. माळकरी पोरांकडे भाकरी आणि पिठलं सोपवा, त्यांच्याशिवाय जेवण पुरं होणार नाही असं बघा. आणि कोच स्वतः कांदा चिरायला बसले पाहिजेत, ही माझी अट समजा.

एक सूचना बरेचजण करतात: त्याऐवजी पोरांना एखाद्या प्राण्यांच्या शेल्टरला न्या. न्या, पण पंचवीस धिप्पाड पोरांची झुंड एकदम घाबरलेल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांपुढे उभी करू नका. चार-चारच्या गटानं, पिंजरे धुवायला आणि खाणं-पाणी उचलायला. फोटोसाठी पिल्लू हातोहात फिरवणं हाही त्या पिल्लाला त्रासच असतो.

कोचशी बोलताना क्रूरतेपासून सुरुवात करू नका. ते लगेच 'तू मऊ आहेस' वर जातील. त्यांना विचारा: स्प्रिंगबॉक्सना त्या कोंबड्या खाऊ दिल्या नव्हत्या, हे ठाऊक आहे का? मारायला शिकवणार कोण आहे? आणि एखाद्यानं नाही म्हटलं तर आपण काय करणार आहोत, हे आत्ता, कॅम्पच्या आधी, लेखी ठरवायचं का? या तिसऱ्या प्रश्नावर ते चिडले तर समजा की कॅम्पचा हेतू तोच होता. मग क्लबच्या कमिटीकडे जा आणि फिजिओला सोबत घ्या, एकटे जाऊ नका. तुमच्याकडे आलेल्या पोराचं नाव कुठेही घेऊ नका.

आणि हे सगळं वाचेपर्यंत कोणी उत्साहानं कोंबड्या आणूनच ठेवल्या असतील, तर आधी त्यांच्या पायांच्या दोऱ्या सोडा. सावलीत, वारा येईल अशा ठिकाणी खुराड्यात किंवा जाळीच्या पेटीत ठेवा, दाटी करू नका, उथळ भांड्यात पाणी द्या. ज्या दुकानदाराकडून आणल्या तो सहसा परत घेतो, थोडे पैसे कापतो. गावात कुणाच्या परड्यात द्यायच्या असतील तर आधी त्यांना विचारा की त्यांच्या स्वतःच्या कोंबड्या आहेत का. असतील तर या नव्या किमान दोन आठवडे वेगळ्या ठेवायला सांगा. बाजारातली कोंबडी रानीखेत हा साथीचा रोग घेऊन आली तर त्यांच्या घरच्या सगळ्या जातील.